किलोसेकंदवाले भाऊजी

भाऊजींना फोन करून "केव्हा निघता?" विचारलं की उत्तर येतं, "दोन किलोसेकंदांत." नव्या माणसाला वाटतं, फोनमध्ये खरखर आहे. आम्हा घरच्यांना हिशेब पाठ झालाय. एक किलोसेकंद म्हणजे हजार सेकंद, म्हणजे सोळा मिनिटं चाळीस सेकंद. दोन म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं वर. माझ्या आईने जन्मात मनगटावर घड्याळ बांधलं नाही, तीसुद्धा आता चुलीपासून ओरडते, "जवाईबापूले सांग गा, अर्ध्या किलोसेकंदात भात वाढून राह्यली!"

हे आमच्या ताईचे यजमान. एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि उरलेल्या वेळात अवकाश दुर्बिणीसाठी प्रपोजलं लिहितात. खरं तर उलटं म्हणायला हवं, पण त्यांचे प्राचार्य हे वाचण्याची शक्यता आहे. दसरा, दिवाळी, मंडई असं काही निमित्त झालं की ते सासुरवाडीला, म्हणजे मोहाडी तालुक्यातल्या आमच्या करडीला येतात. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला कोक्याचं जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. इथे बसून माणूस कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवराची कागदपत्रं तयार करतो, हे गावाला अजून नीट पचलेलं नाही.

गावात त्यांचं नाव 'दुर्बीनवाले जवाई' पडलं आहे, आणि गंमत अशी की त्यांच्याकडे दुर्बीण नाही. कधीच नव्हती. पहिल्या दिवाळीला गल्लीतली पोरं रांग लावून अंगणात उभी राहिली. भाऊजींनी त्यांना लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला. पोरं तक्त्याकडे बघत राहिली, मग एकेक करून फटाक्यांकडे गेली. बाबा म्हणाले, "अजी पाहुणे, थे दुर्बीन हाये तरी कुठं?"

"वर," भाऊजींनी बोट दाखवलं. "साडेसहाशे किलोमीटर वर."

ती म्हणजे ॲस्ट्रोसॅट. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० वर बसवून पाठवलेली, अतिनील किरणांपासून क्ष-किरणांपर्यंत एकाच वेळी पाहणारी आपली वेधशाळा. त्या दुर्बिणीला डोळा लावायचा नसतो. अर्ज करायचा असतो. मला काय पाहायचंय, का पाहायचंय, किती वेळ पाहायचंय आणि ते तुझ्या यंत्राला दिसेल कशावरून, हे सगळं लिहून द्यायचं. समितीने हो म्हटलं, तर बंगळुराजवळच्या ब्यालालूच्या केंद्रात आकडे उतरतात आणि आपल्याला मिळतात. जगात दुर्बिणीतून पाहणारे लोक असतात, तसे दुर्बिणीकडे मागणारेही असतात. भाऊजी मागणाऱ्यांतले. ही माणसं पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, कुठल्याही विद्यापीठाच्या मागच्या खोलीत सापडतात, आणि त्यांची एक पक्की खूण म्हणजे त्यांना आकाश ओळखता येत नाही.

मी अतिशयोक्ती करत नाही. भाऊजींना एखाद्या दीर्घिकेचे अंश-कला-विकला झोपेत विचारा, सांगतील. पण अंगणात बाजेवर पडल्यावर सप्तर्षी कुठले, हे बाबांनी दाखवलं. बाबांच्या भाषेत ते खाटलं, आणि मागचे तीन तारे म्हणजे ते पळवायला आलेले चोर. भाऊजी उठून बसले. टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांमध्ये फिरून नेमकी हीच खाटेची आणि चोरांची गोष्ट नोंदवली आहे, असं त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग मले काऊन नाही विचारलं?" त्यावर भाऊजींनी वही काढली आणि बाबांचं नाव 'को-इन्व्हेस्टिगेटर' म्हणून लिहून घेतलं. बाबा ते अजून चारचौघांत सांगतात.

भाऊजींना या नादाला लावलं पुण्याच्या आयुकाने. १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था मुळात विद्यापीठं-कॉलेजांतल्या मास्तरांसाठीच आहे. आपल्या कॉलेजात चालू पंखा मिळायची मारामार असलेल्या माणसाने तिथे जावं, मोठ्या यंत्रांवर काम करावं आणि परत येऊन शिकवावं. भाऊजी तिथले व्हिजिटिंग असोसिएट. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे जावई महाबळेश्वरला जातात, हे भंडारा रोडवरून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून पुण्याला. ॲस्ट्रोसॅटचं मदत केंद्र तिथेच आहे. प्रपोजल कसं लिहायचं याच्या कार्यशाळा होतात, आणि भाऊजींनी त्यांतल्या इतक्या केल्या आहेत की आता चहाच्या सुट्टीत लोक त्यांनाच शंका विचारतात.

त्यांचं साहित्य एकदा पाहण्यासारखं आहे. लॅपटॉपवर खिडक्यांच्या इतक्या चकत्या उघड्या असतात की त्यांची नावं वाचता येत नाहीत, नुसती पहिली अक्षरं दिसतात. पहिली खिडकी स्ट्रासबुर्गच्या सिम्बादची. तिथे एका तेजोमेघाला किती नावं आहेत ते कळतं. क्रॅब नेब्युला हा एम १ पण आहे, एनजीसी १९५२ पण आणि टॉरस ए पण. दुसरी खिडकी जुन्या शोधनिबंधांची, म्हणजे आपल्या डोक्यात आलेली कल्पना १९९७ साली कोणाच्या डोक्यात येऊन गेली ते बघायची. मग वेबपिम्स. नासाचं हे साधन ताऱ्याचं क्ष-किरणांतलं तेज घेतं आणि तुमच्या यंत्राला सेकंदाला किती कण मिळतील ते सांगतं. आकडा फार लहान आला तर भाऊजी पाणी पितात. मग ॲस्ट्रोव्ह्यूअर, म्हणजे ही जागा ॲस्ट्रोसॅटला वर्षातून केव्हा दिसेल. दुर्बीण काही कुठेही वळत नाही. सूर्यापासून अंतर राखावं लागतं, दर फेरीत पृथ्वी आड येते. तारा चांगला असून उपयोग नाही, मुहूर्त लागतो. आईला हे एकदम पटलं. "पत्रिका पाहिल्याबिगर कसं जमंल?" म्हणाली.

आणि शेवटी ती खिडकी, जिच्यासमोर मी भाऊजींना हात जोडून बसलेलं पाहिलंय. ॲस्ट्रोसॅटवरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीचे डिटेक्टर फार नाजूक. दिसण्याच्या टापूत फार तेजस्वी तारा आला तर त्यांना इजा होते. म्हणून आधी तपासायचं, की आपल्या लाडक्या दीर्घिकेच्या आसपास असं कोणी बसलेलं नाही ना. त्याचं नावच ब्राइट सोर्स वॉर्निंग टूल. एकदा भाऊजींनी अख्खा पावसाळा खपून एका दीर्घिकेचं प्रपोजल बांधलं. सायंटिफिक जस्टिफिकेशन असं की वाचून समितीने रडावं. शेवटच्या आठवड्यात ही तपासणी केली, तर टापूच्या अगदी कडेला एक निळा, गरम, निर्लज्ज तारा. दीर्घिकेशी त्याचा काही संबंध नाही. तो कितीतरी जवळचा, आपल्याच आकाशगंगेतला. पण दिसतो शेजारी. भाऊजी बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "शेजारी नडला." समोरच्या घरातले काका, ज्यांच्याशी आमचा बांधावरून वाद आहे, ते तिथेच उभे होते. पुढचे दोन महिने ते आमच्याशी बोलले नाहीत.

२०१८ साली याच यूव्हीआयटीचा जवळच्या अतिनील किरणांचा भाग बंद पडला. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत, असं ताई सांगते. तिच्या आवाजात थोडी असूया असते.

प्रपोजलं लिहून लिहून माणसाची भाषा बदलते ती अशी. फ्रीज घ्यायचा विषय निघाला तर भाऊजी विचारतात, "सायंटिफिक जस्टिफिकेशन कळलं, फिजिबिलिटी काय?" लग्नाच्या हॉलला गर्दी असेल तर हॉल 'ओव्हरसबस्क्राइब्ड' असतो. न सांगता आलेला पाहुणा म्हणजे 'टार्गेट ऑफ ऑपॉर्च्युनिटी'. हा मूळ शब्द आकाशात अचानक काही भडकलं तर ठरलेलं काम बाजूला सारून तिकडे दुर्बीण वळवण्यासाठीचा. ताईच्या घरी त्याचा अर्थ पोहे टाकणे.

मोठ्या दुर्बिणीच्या नादाला लागल्यावर तर आणखी मजा झाली. परदेशातल्या एका गटाने त्यांना जेम्स वेबच्या प्रपोजलमध्ये सामील करून घेतलं. ती दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर. तिचे अर्ज बाल्टिमोरच्या संस्थेकडे जातात, त्यासाठी एपीटी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर, किती वेळ लागेल त्याचं वेगळं गणकयंत्र. त्या सॉफ्टवेअरचं वैशिष्ट्य असं की ते तुमच्याकडून प्रत्येक मिनिटाचा हिशेब घेतं. पाहायचा वेळ वेगळा, यंत्र बदलायचा वेगळा, आणि दुर्बीण आपल्या ताऱ्याकडे वळायचेच अठराशे सेकंद सुरुवातीला खात्यावर पडतात. मला हे अन्यायाचं वाटलं. बाबांना मात्र काही विशेष वाटलं नाही. "ट्रॅक्टरचंही तसंच हाये ना गा. वावरात पोचेपर्यंतचंही भाडं द्याच लागते." भाऊजींनी ओव्हरहेड समजावण्यासाठी पुढे हेच वाक्य वर्गात वापरलं आणि सासऱ्यांचा उल्लेख केला नाही.

उल्लेख न करण्याचं कारण मात्र वेगळंच. हबल दुर्बिणीच्या वाटपात २०१८ पासून आणि पुढे वेबसाठीही असा नियम आला, की अर्ज कोणाचा हे तपासणाऱ्यांना कळू द्यायचं नाही. नाव नको, संस्था नको, 'आमच्या आधीच्या कामात' असंही लिहायचं नाही. आपल्याच निबंधाबद्दल परक्यासारखं बोलायचं. नियमाला कारण होतं. हबलच्या वाटपात वर्षानुवर्षं पुरुषांच्या अर्जांना बायकांच्या अर्जांपेक्षा थोडं जास्त यश मिळत होतं. नावं झाकल्यावर पहिल्याच फेरीत पारडं फिरलं, महिलांचे ८.७ टक्के अर्ज मंजूर झाले, पुरुषांचे ८ टक्के. ताईला हा आकडा तोंडपाठ आहे.

भाऊजींनी हा नियम अंगी बाणवला, पण घरात. "गेल्या दिवाळीच्या निरीक्षणांवरून असं दिसतं की चकल्या मऊ पडल्या होत्या." कोणी केल्या होत्या, त्याचा पत्ता नाही. "यापूर्वी एका सदस्याने गॅस बंद करायला विसरल्याची नोंद आहे." तो सदस्य तेच. शेवटी ताईने एका रविवारी दोन वाट्यांत दोन वांग्याच्या भाज्या वाढल्या आणि कोणाची कुठली ते सांगितलं नाही. भाऊजींनी दोन्ही चाखल्या, विचार केला, डाव्या वाटीला 'संकल्पना चांगली, अंमलबजावणीत मिठाचा अभाव' असा शेरा दिला आणि नामंजूर केली. डावी त्यांनीच केलेली होती.

वेबची चौथ्या फेरीची मुदत १५ ऑक्टोबर २०२४ ला बाल्टिमोरच्या रात्री आठची होती, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची पहाट, साडेपाच. भाऊजी दसऱ्याला करडीला आले होते ते तिथेच अडकले. १६ तारखेला कोजागिरी. आदल्या वर्षीची मुदतही नेमकी कोजागिरीच्या पहाटेच संपली होती, तेव्हा अमेरिकेत कोणीतरी कालनिर्णय लावून बसलंय असा आमच्या आईचा संशय आहे. धान लोंबीवर आलेलं, तुडतुड्याची भीती, बाबा दिवसभर फवारणीच्या मागे. आणि माडीवर भाऊजी, कारण मोबाइलला रेंज तिथेच येते. रात्री अकराला लाइट गेली. त्यांनी मोबाइलच्या उजेडात तक्ते तपासले. एकला आली. मी दोनदा चहा नेऊन दिला.

अर्ज मुदतीच्या आत कितीही वेळा पाठवता येतो, शेवटचा धरतात. त्यामुळे शहाणा माणूस आठवडाभर आधी पाठवून झोपतो असं कोणाला वाटेल. भाऊजींच्या गटाने आधी पाठवला होताच, आणि म्हणूनच ते रात्रभर जागे होते. दर वेळी कोणीतरी दूर देशातून लिहायचं की तिसऱ्या पानावरचा स्वल्पविराम पाहा. पान वाढायला नको, अक्षर बारा पॉइंटपेक्षा लहान करायचं नाही, मग एक विशेषण काढायचं. पहाटे पाचला मी गेलो तेव्हा ते एकटेच पुटपुटत होते, " 'अभूतपूर्व' काढू का 'निर्णायक' काढू?" मी म्हटलं, दोन्ही काढा. त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी खाली येऊन म्हशीला चारा टाकला.

त्या फेरीत जगभरातून २,३७७ अर्ज गेले. सगळ्यांनी मिळून सुमारे ७८ हजार तास मागितले. बाबांनी हा आकडा ऐकला, बोटांवर काही मोडलं आणि म्हणाले, "सालाचे घंटे तर ८७६०च होतेत जी." भाऊजींनी मान हलवली. कोजागिरीच्या रात्री सगळी गल्ली चंद्राखाली मसाला दूध पीत होती, तेव्हा ते आतल्या खोलीत गाढ झोपलेले होते. आई वाटी झाकून ठेवून आली.

मार्चमध्ये निकाल आला. नामंजूर.

इथे कोणालाही वाटेल की माणूस खचेल. उलट या जातीचा खरा आनंद इथे सुरू होतो. नकारासोबत समितीचे शेरे येतात, आणि भाऊजी ते मोठ्याने, भाव देऊन वाचतात. 'विषय महत्त्वाचा आहे' हे वाक्य चारदा. 'नमुन्याची निवड पुरेशी स्पष्ट नाही' यावर ते खुश झाले, कारण त्यांनी तेच गटाला सांगितलं होतं. त्याच रात्री पुढच्या फेरीची फाइल उघडली. ताई म्हणते, या घरात एवढ्या प्रेमाने माझं पत्रसुद्धा वाचलं गेलेलं नाही.

त्यांचं श्रद्धास्थान एकच आहे. आयुकाच्या कनक साहा यांच्या गटासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये ॲस्ट्रोसॅटने आकाशाचा एक लहानसा तुकडा अठ्ठावीस तासांहून जास्त पाहिला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये छापून आलं की ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निघालेले तीव्र अतिनील किरण तिथे सापडले. हबललाही जे जमलं नव्हतं. दीर्घिकेचं नाव एयूडीएफएस०१. भाऊजी हे नाव असं घेतात, की आईला वाटलं कुठल्या तरी संताचं आहे.

आता त्यांच्या एका गोष्टीबद्दल मला मनापासून लिहायचंय, म्हणून चेष्टा थांबवतो. भाऊजींचा स्वतःचा अर्ज क्वचितच मंजूर होतो, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांचे होतात. एमएस्सी झालेली, इंग्रजीला घाबरणारी, घरी धानाची बांधी असलेली मुलं-मुली त्यांच्याकडे येतात. भाऊजी त्यांना आधी एक कोरा कागद देतात. एका वाक्यात सांग, काय कळत नाही आणि ते कळायला नेमकं काय मोजायला हवं. मुलगी तीन तास तोच कागद खोडत बसते. मग वेबपिम्स शिकवतात, मग दिसण्याच्या तारखा, मग तो निर्लज्ज तारा. कुठेही 'असं लिही' म्हणत नाहीत. 'समिती विचारेल' म्हणतात आणि स्वतः समिती होतात. ते फार कडक असतात. एक मुलगी रडत उठून गेली होती, दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून परत आली.

तिचाच अर्ज ॲस्ट्रोसॅटसाठी मंजूर झाला, तेव्हा भाऊजींनी करडीत पेढे वाटले. लोक विचारत होते, कोणाला नोकरी लागली? कोणाचं जमलं? भाऊजी प्रत्येकाला आनंदाने सांगत होते, "चाळीस किलोसेकंद मिळाले!" बाबांनी हिशेब केला. अकरा तासांच्या थोडं वर. "अकरा घंट्यासाठी पेढे?" शेजारच्या काकांनी, ज्यांनी नुकतंच पुन्हा बोलायला सुरुवात केली होती, पेढा खात विचारलं. बाबा एकदम गरम झाले. "तुले का समजते बे! थे मशीन सरकारची, पोरगी आपली, अन् अकरा घंटे थे फक्त तिच्याच ताऱ्याकडं पाहिन."

इतकं नेमकं जस्टिफिकेशन भाऊजींच्या कुठल्या अर्जात मी वाचलेलं नाही.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षांच्या बेताने पाठवली होती आणि तिने दहा वर्षं ओलांडली. ठरावीक काळ संपला की तिच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या होतात, म्हणजे अर्ज न करताही त्यावर काम करता येतं. भाऊजी हे मान्य करतात, पण जरा नाइलाजाने. तर तुमच्या घरात, शेजारात फिजिक्स शिकलेलं आणि आता पुढे काय असं विचारत बसलेलं पोर असेल, तर त्याला दिवाळीत करडीला पाठवा. भाऊजी फी घेत नाहीत, जेवण आई वाढते. फक्त मुदतीच्या आदल्या रात्री येऊ नका. त्या रात्री ते सासऱ्यालाही ओळखत नाहीत.